स्वस्त गाडी, नामांकित गाडी आणि दिग्गीचा चढ

उत्तर कानडा जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, गोव्याच्या सीमेला लागून दिग्गी नावाचे एक लहानसे गाव आहे. काळी नदीचा उगम याच परिसरात सांगितला जातो. येथून निघालेली ही नदी सुमारे १८४ किलोमीटरची वाट चालून कारवारजवळ सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. गावाच्या पश्चिमेस डोंगर एकाएकी तुटतो आणि खाली गोव्याचा सांगे तालुका लागतो. घाटमाथ्यावरून गोव्यात उतरणाऱ्या ज्या जुन्या वाटा, त्यांपैकी एक दिग्गीची होय. भोवती दाट जंगल, त्यात दूरदूर विखुरलेल्या कुणब्यांच्या वाड्या, घरात कोकणी व मराठी, कचेरीत कन्नड असा येथील व्यवहार. हा सारा मुलूख १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तालुक्याचे जुने ठाणे सुपे हे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली बुडाले आणि कारभार जोयड्याला हलला. राज्ये बदलली, ठाणी बदलली. डोंगर, पाऊस आणि चिखल मात्र होते तेथेच राहिले.

अशा प्रदेशात वाहन ही चैनीची वस्तू नसते. ज्या वाडीपर्यंत पक्की सडक पोचलेली नाही, तेथून आजारी माणसाला खांद्यावरून किंवा झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते, हा जोयडा तालुक्यातील अनेक वाड्यांचा अनुभव आहे. चिखलातून, ओढ्यातून आणि मोकळ्या दगडांच्या चढावरून जाणारी, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी गाडी येथे दाराशी असणे म्हणजे दवाखाना, बाजार आणि शाळा काही कोस जवळ येणे. म्हणून ती गाडी घेताना माणूस दहादा विचार करतो. बाहेरून आलेली नवखी गाडी कमी पैशांत मिळते. नामांकित कंपनीची गाडी तशाच कामासाठी बरेच अधिक पैसे मागते. जास्तीचे पैसे कशाचे? केवळ नावाचे, की नावामागे आणखी काही असते?

या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सापडणार नाही. ते इतिहासात मात्र बरेचसे सापडते. कारण आज जे नाव या प्रकारच्या गाड्यांत सर्वांत जुने आणि सर्वांत मानाचे समजले जाते, त्या जीपचा जन्मच मुळी किमतीच्या चढाओढीतून झाला आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटलेले असताना अमेरिकेच्या लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. लष्कराने १३५ कारखान्यांना विचारणा केली. नमुन्याची पहिली गाडी अवघ्या ४९ दिवसांत द्यावयाची, ही अट वाचून बहुतेकांनी हात टेकले. पुढे आल्या त्या दोनच कंपन्या, बँटम आणि विलीज, आणि दोन्ही आर्थिक अडचणीत सापडलेल्या. बँटम ही पेनसिल्व्हेनियातील छोट्या मोटारी बनवणारी कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या तळावर नेऊन उभी केली. परंतु एवढा लहान कारखाना हजारो गाड्या कशा पुरवणार, अशी लष्कराला शंका होती. आराखडे विलीज व फोर्ड या कंपन्यांनाही दाखवण्यात आले. १९४१ साली मोठ्या प्रमाणावर गाड्या बनवण्याचे कंत्राट निघाले ते विलीजला मिळाले. तिचे इंजिन अधिक ताकदीचे होते हे खरे. पण तिची बोली सर्वांत कमी होती, हेही तितकेच खरे. पुढे फोर्डनेही परवान्याने त्याच गाड्या बनवल्या आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. जिने पहिली गाडी घडवली त्या बँटमच्या वाट्याला गाडीमागे जोडण्याच्या छोट्या ट्रॉल्या बनवण्याचे काम आले.

युद्धानंतर विलीज कंपनीने जीप आपणच निर्माण केली अशा थाटाच्या जाहिराती चालवल्या. तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ साली तिला आवर घातला आणि जीपची निर्मिती हे एकट्या विलीजचे कर्तृत्व नव्हे, असा निर्णय दिला. तरीही १९५० साली ‘जीप’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून विलीजच्याच पदरी पडले. नामांकित नावाची पाळेमुळे शोधू लागले म्हणजे अशी हकीकत हाती लागते. परंतु एवढ्यावरून नावाला अर्थ नाही असे मात्र ठरत नाही. ज्या गाडीने वाळवंटात, बर्फात आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात सैन्याची पाठ राखली, तिने आपले नाव कामाने मिळवले होते. कागदावर ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न वेगळा.

याच जीपने इंग्लंडात दुसऱ्या एका थोर नावाला जन्म दिला. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्याकडे शेतीच्या कामासाठी लष्कराची जुनी जीप होती. ती झिजली म्हणजे पुढे काय, हा विचार मनात आला तेव्हा दुसरी जुनी जीप घेण्यावाचून मार्ग दिसेना. त्यातून लँड रोव्हरची कल्पना निघाली. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर बांधण्यात आला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी जगासमोर आली. युद्धोत्तर इंग्लंडात पोलादाची टंचाई असल्यामुळे तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. काटकसरीने घेतलेला तो निर्णय पुढे गंज न धरणारी गाडी म्हणून तिच्या कीर्तीस कारण झाला.

भारतात जीप आली ती युद्धाबरोबर आणि युद्ध संपल्यावर मागे राहिली ती लष्कराचा शिल्लक माल म्हणून. लिलावात विकल्या गेलेल्या या गाड्या स्वस्त होत्या, परदेशी होत्या आणि वापरून जुन्या झालेल्या होत्या. मळ्यांत, जंगलखात्यात, ठेकेदारांच्या कामावर त्या वर्षानुवर्षे चालल्या. याचे कारण गाडीच्या साधेपणात होते. तिचे पाटे, तिचा क्लच, तिचे ॲक्सल हे सारे गावातल्या मिस्त्रीला उघडून पाहता येत होते. शिवाय एका गाडीचा भाग दुसरीला बसत होता. लाखोंच्या संख्येने एकाच मापाची गाडी निघाल्याचा हा फायदा होता. एखादी गाडी अगदीच निकामी झाली, तर तिचे तुकडे इतर चार गाड्यांना जगवीत.

परंतु जुनी परदेशी गाडी स्वस्त म्हणून घेतली की फायदाच होतो, असा निष्कर्ष कोणी काढला असता तर त्याच वेळच्या दुसऱ्या एका व्यवहाराने त्याचे डोळे उघडले असते. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू होती, हैदराबादचा प्रश्न धुमसत होता आणि भारतीय सैन्याला जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा व्यवहार ठरवला. नेहमीची खरेदीची पद्धत बाजूला ठेवून, भांडवलाच्या दृष्टीने अगदी तुटपुंज्या अशा एका कंपनीशी २,००० दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार झाला. मार्च १९४९ मध्ये मद्रास बंदरात उतरल्या त्या १५५, आणि त्याही सैन्याच्या उपयोगास येण्याजोग्या नाहीत असे आढळले. लोकसभेत या प्रकरणाने वादळ उठले आणि लोकलेखा समितीने कडक ताशेरे ओढले. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी हे प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले.

या प्रकरणाची राजकीय बाजू अनेकवार चर्चिली गेली आहे. गाडी घेणाऱ्या साध्या माणसाला त्यातून जो धडा मिळतो तिकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. करार जीपचाच होता. म्हणजे युद्धात कसोटीला उतरलेल्या, सर्वज्ञात आणि नामांकित गाडीचा. लिलावात घेतलेल्या जुन्या जीपगाड्या ज्या देशात खेडोपाडी चालत होत्या, त्याच देशात याही जुन्या जीपगाड्या उतरल्या होत्या. फरक पडला तो विकणाऱ्यामुळे. लिलावात गाडी डोळ्यांदेखत उभी असे, तिचे बॉनेट उघडून पाहता येत असे आणि तिचे भाग त्याच बाजारात मिळत. लंडनच्या करारात गाडी दूर, विकणारा त्याहून दूर, आणि माल बिघडलेला निघाला तर त्याला पकडावे कोठे, हे कोणाला ठाऊक नाही. म्हणजे नाव थोर असूनही त्याच्यामागे कोणी उभे नव्हते.

याच सुमारास मुंबईत एक वेगळा उद्योग आकार घेत होता. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि गुलाम मोहंमद यांनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. या कंपनीने विलीजकडून सुट्या भागांचे संच आणून जीपची जुळवणी सुरू केली. १९४९ साली अशा ७५ गाड्यांचे संच आले आणि माझगावात त्यांची जोडणी झाली. तेव्हा ही गाडी अगदी नवखी होती. मोटारीच्या धंद्यात महिंद्रांच्या नावाला काहीच वजन नव्हते.

त्या काळी वजनदार नावे वेगळी होती. जनरल मोटर्सचा जुळवणीचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून चालत होता. फोर्डचीही मुंबईत जुळवणी होत असे. १९४९ साली सरकारने पूर्ण तयार मोटारींच्या आयातीला बंदी केली आणि १९५३ साली जकात आयोगाने अशी शिफारस केली की, ज्यांच्याजवळ येथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही अशा जुळवणीच्या कारखान्यांनी धंदा आवरावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या १९५४ पर्यंत निघून गेल्या. महिंद्र राहिले आणि हळूहळू एकेक भाग येथे बनवू लागले. या धोरणाचा दुसराही परिणाम झाला, तोही नोंदवला पाहिजे. चढाओढ नसल्यामुळे पुढची तीस वर्षे ग्राहकाला मिळेल ती गाडी, मिळेल त्या किमतीला आणि मिळेल तेव्हा घ्यावी लागली. सुधारणा अतिशय मंद गतीने झाल्या. परंतु एक गोष्ट साधली. गाडी जेथे चालते तेथेच तिचे भाग बनू लागले आणि तिची दुरुस्ती जाणणारी माणसे तालुक्या-तालुक्यात तयार झाली.

दिग्गीच्या माथ्यावर उभे राहिले असता त्या वर्षांत दोन वेगवेगळे बाजार दोन्ही बाजूंना दिसले असते. पूर्वेकडे भारत, जेथे परदेशी मालाला दरवाजे बंद होत चालले होते. पश्चिमेकडे पोर्तुगीज गोवा, जेथे परदेशी माल मुबलक येत होता. १९५० च्या दशकात गोव्यातील लोखंडाच्या खाणींचा व्यवसाय जपान आणि पश्चिम जर्मनीच्या मागणीमुळे वाढला आणि त्याबरोबर परदेशी मोटारी, मालमोटारी व खाणीची यंत्रे आली. भारताने सीमेवर आर्थिक नाकेबंदी केली, कॅसलरॉकमार्गे होणारी रेल्वेची वाहतूक बंद पडली, तरी बंदरातून गोव्याचा हा पुरवठा चालूच राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि यथाकाल भारताचे आयातीचे नियम तेथेही लागू झाले. तेव्हा त्या परदेशी गाड्यांची खरी परीक्षा सुरू झाली. नवी गाडी येईना, सुटा भाग मिळेना. गोव्यात जुन्या परदेशी मोटारी पुढे कितीतरी वर्षे धावताना दिसत, त्यांना जगवले ते गोव्यातील कुशल मिस्त्रींनी. ज्या गाडीला असा हात मिळाला ती तगली आणि जिला मिळाला नाही ती परसात गंजली.

पुढे १९८० च्या दशकात बंद दारे किलकिली झाली. १९८५ साली सुझुकीच्या छोट्या गाडीवर आधारलेली मारुतीची जिप्सी बाजारात आली. ती हलकी होती, तिचे इंजिन सुरुवातीस एक लिटरहूनही कमी क्षमतेचे होते आणि जीपच्या शेजारी ती खेळण्यासारखी दिसे. तथापि मारुतीच्या मोटारी देशभर पसरल्यामुळे त्यांची दुरुस्तीची ठाणीही पसरली होती. पुढे भारतीय लष्करानेही हजारो जिप्सी घेतल्या आणि डोंगराळ सीमांवर त्यांनी उत्तम काम दिले. महिंद्रांनीही याच दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने इगतपुरीला डिझेल इंजिने बनवून ती आपल्या जीपमध्ये बसवली. पेट्रोलच्या खर्चाने मालकाला जेरीस आणणारी गाडी डिझेलवर आल्यामुळे खेड्यांना परवडू लागली. पुण्याजवळच्या आकुर्डीतून बजाज टेम्पोची ट्रॅक्स निघाली. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून जी वाहतूक ओळखली जाते, ती या जीप आणि ट्रॅक्स गाड्यांच्या जिवावर उभी राहिली. वडापचा मालक गाडीच्या नावाला भुलत नसतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर किती रुपये बुडतात, हे त्याला पाठ असते.

२००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरील संख्येचे निर्बंध उठले आणि स्वस्त परदेशी गाडी विरुद्ध नामांकित गाडी हा प्रश्न पुन्हा जुन्याच स्वरूपात उभा राहिला. त्याचे एक बोलके उदाहरण पुण्याजवळच घडले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीचे नाव ‘पद्मिनी’ मोटारीमुळे घरोघरी पोचले होते. या कंपनीने २००९ साली ‘रिओ’ नावाची एक छोटी, उंच बांध्याची गाडी विकण्यास काढली. आराखडा मूळचा दायहात्सु या जपानी कंपनीचा. तो झोट्ये या चिनी कंपनीमार्फत आलेला. आणि डिझेल इंजिन प्यूजोच्या आराखड्याचे. किंमत तिच्या जातीच्या इतर गाड्यांहून कमी. तिचे रूप डोंगरातल्या गाडीचे होते. मात्र येथे विकल्या गेलेल्या रिओत जोर दोनच चाकांना पोचत होता. जुने, आदराचे मराठी भांडवलाचे नाव आणि नवा स्वस्त परदेशी सांगाडा अशी ही सांगड होती. ती टिकली नाही. थोड्याच वर्षांत रिओ बाजारातून गेली आणि पुढे कंपनीही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. पद्मिनीच्या काळी कुर्ल्याच्या कारखान्याभोवती भाग बनवणाऱ्यांचे आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे जे जाळे होते, ते रिओच्या मागे नव्हते. नाव जुने राहिले, पण नावाला जोपासणारी व्यवस्था उरली नव्हती.

यावरून परदेशातल्या थोर नावांवर निर्धास्त विसंबावे, असे कोणाला वाटेल. तेही इतिहासाला धरून नाही. १९५४ पर्यंत गेलेल्या जनरल मोटर्स आणि फोर्ड १९९० च्या दशकात पुन्हा भारतात आल्या. जनरल मोटर्सने तळेगावला मोठा कारखाना घातला. २०१७ च्या अखेरीस तिने भारतात गाड्या विकणे थांबवले आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचे उत्पादनही बंद झाले. फोर्डने २०२१ साली भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. या कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची सोय चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. तरी विक्री बंद झालेल्या गाडीची जुन्या बाजारातील किंमत उतरते, हे सांगावयास तज्ज्ञ नको. आर्थिक हिशेब जुळेना की थोर नावही निघून जाते.

आणि मग इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. १९४९ साली माझगावात विलीजचे संच जोडणाऱ्या महिंद्रांनी २०१८ साली भारतातून सुट्या भागांचे संच अमेरिकेत नेले आणि मिशिगन राज्यातील ऑबर्न हिल्स येथे त्यांची जुळवणी करून ‘रॉक्सर’ नावाची गाडी विकण्यास सुरुवात केली. ही गाडी रस्त्यावर चालवण्याची नव्हती. शेतात, रानात, डोंगरवाटांवर चालवण्याची होती. किंमत सुमारे १५ हजार डॉलर, म्हणजे तेथील नव्या जीपच्या मानाने खूपच कमी. अमेरिकेतल्या शेतकऱ्यापुढे आता तोच प्रश्न होता जो दिग्गीच्या शेतकऱ्यापुढे असतो. फक्त स्वस्त परदेशी गाडी या खेपेस भारताची होती आणि नामांकित गाडी जीप.

जीपचे नाव या मधल्या काळात विलीजकडून कैसर, कैसरकडून अमेरिकन मोटर्स, तिच्याकडून १९८७ साली क्रायस्लर आणि पुढे फियाट-क्रायस्लर अशा हातांतून फिरले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये फियाट-क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. रॉक्सरचा चौकोनी बांधा आणि तिचे दर्शनी रूप ही जीपची नक्कल आहे, असे तिचे म्हणणे होते. महिंद्रांची बाजू अशी की, आपण सत्तर वर्षे परवान्याने आणि परंपरेने हीच गाडी बनवीत आलो आहोत. जून २०२० मध्ये आयोगाने फियाट-क्रायस्लरच्या बाजूने निर्णय देऊन त्या रूपातील रॉक्सरला मनाई केली. महिंद्रांनी समोरचे रूप बदलले आणि डिसेंबर २०२० मध्ये बदललेल्या गाडीने जीपच्या हक्काचा भंग होत नाही, असे आयोगाने मान्य केले. येथे एक मौजेची गोष्ट लक्षात येते. ज्या उभ्या फटींच्या जाळीवरून जीप ओळखली जाते, ती पत्र्याची दाबून काढलेली जाळी युद्धकाळात प्रथम फोर्डने बसवली होती. तिला नऊ फटी होत्या. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात झाल्या.

ज्या काळी ही तक्रार चालली होती, त्याच काळी फियाट-क्रायस्लर आपली ‘जीप कंपास’ ही गाडी पुणे जिल्ह्यातील रांजणगावला बनवीत होती. इकडे लँड रोव्हर २००८ सालीच फोर्डकडून टाटा मोटर्सने विकत घेतली होती. तेव्हा देशी कोणते, परदेशी कोणते, नामांकित कोणते आणि नवखे कोणते, या रेषा आता पहिल्यासारख्या सरळ राहिलेल्या नाहीत. कारखाना रांजणगावचा, नाव अमेरिकेचे. मालक मुंबईचा, नाव इंग्लंडचे. ग्राहकाने गाडीच्या छातीवरील बिल्ला पाहून निर्णय घ्यावा, अशी सोय काळाने ठेवलेली नाही.

मग निर्णय घ्यावा कशावरून? या साऱ्या हकीकतीतून जे सार निघते ते थोडक्यात असे. जी स्वस्त गाडी यशस्वी झाली, तिच्यामागे कोणीतरी पाय रोवून उभे होते. विलीजने सर्वांत कमी बोली दिली, परंतु लाखो गाड्या आणि त्यांचे भाग पुरवले. महिंद्रांनी नवख्या नावाने सुरुवात केली, परंतु भाग येथे बनवले आणि मिस्त्री तयार होऊ दिले. जी गाडी फसली, मग ती १९४८ ची नामांकित जीप असो वा २००९ ची स्वस्त रिओ असो, तिच्यामागची जागा रिकामी होती किंवा पुढे रिकामी झाली. म्हणून खरी तुलना स्वस्त आणि महाग यांची नसून, गाडी बिघडल्यानंतर जिचा वाली सापडतो ती आणि जिचा सापडत नाही ती, अशा दोन गाड्यांची आहे.

हा हिशेब आकड्यांनीही मांडता येतो. समजा, एक गाडी ७ लाखांना मिळते आणि तशाच कामाची नामांकित गाडी १० लाखांना. वरवर पाहता ३ लाख वाचले. दहा वर्षांनी पहिलीचे जुन्या बाजारात १ लाख येतात आणि दुसरीचे ४ लाख येतात असे धरले, तर दोहोंचा खर्च सारखाच, ६ लाख झाला. आता पहिलीचा एखादा भाग परदेशातून येईपर्यंत ती दरवर्षी पंधरा दिवस जरी उभी राहिली, तरी दहा वर्षांत पाच महिने झाले. आणि ते दिवस पावसाळ्यातले असले, तर त्यांची भरपाई कोणत्या रकमेने करावयाची? उलट, नवख्या कंपनीने जवळच्या गावात भागांचा साठा ठेवला, स्थानिक मिस्त्रीला शिकवले आणि किंमत कमी ठेवली, तर नामांकित गाडीसाठी जास्तीचे ३ लाख गुंतवून ठेवणे हा निव्वळ भाबडेपणा ठरेल. आकडे मानलेले आहेत. पद्धत मात्र कोणत्याही गाडीला लावता येईल.

नव्याला दारातच अडवावे, असा याचा अर्थ नाही. एकेकाळी जीप नवी होती, जिप्सी नवी होती. नवखे येत राहिले नाहीत, तर जुने आळसावतात आणि किंमत वाढवीत जातात, हे आपल्या देशाने तीस वर्षे अनुभवले आहे. परंतु नव्याचे स्वागत करताना त्याला चार प्रश्न विचारण्याचा हक्क ग्राहकाने सोडू नये. भाग कोठे बनतात? जवळचे गॅरेज किती कोसांवर? तेथला मिस्त्री ही गाडी उघडू शकतो का? आणि विकणाऱ्याची या देशात अशी कोणती गुंतवणूक आहे की जी टाकून त्याला सहज जाता येणार नाही? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर नाव नवे असो वा परके असो, गाडी घेण्यास हरकत नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर नाव कितीही थोर असले तरी तो व्यवहार १५५ जीपगाड्यांच्याच जातीचा होय.

शहरात हा विषय आवडीनिवडीचा राहू शकतो. गाडी बंद पडली तर शहरातला मनुष्य रिक्षा करून घरी जातो. दिग्गीसारख्या गावात आषाढातल्या रात्री गाडी सुरू झाली नाही, तर आजाऱ्याला पुन्हा खांद्यावरच न्यावे लागते. तेथे गाडीची निवड करणारा मनुष्य खरे म्हणजे एका यंत्राची निवड करीत नसतो. त्या रात्री आपल्या हाकेला कोण ओ देईल, हे तो ठरवीत असतो.